अडीच शेराला तितके आणे

“मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे.” माझे आजोबा हे वाक्य म्हणीसारखे उच्चारत. मालवणच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. शाळेला सुट्टी लागली की मी त्या दुकानात पुड्या बांधायला बसे. किलो-ग्रॅम येऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. वजने नवी होती, तराजू नवा होता, पण आजोबांच्या डोक्यातला हिशेब शेवटपर्यंत शेरात आणि आण्यातच चालला. आधी जुन्या मापात उत्तर काढायचे आणि मग ते नव्यात सांगायचे, अशी त्यांची रीत.

पुढे मी गणिताचा प्राध्यापक झालो. कोकणच्या याच किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना गणित आणि संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे गेली. कॉमर्सच्या मुलांना लागणारे व्यवहारी गणित ही मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून किंवा विलायतेतून आलेली गोष्ट आहे, असे मीही बरीच वर्षे धरून चाललो होतो. आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ एके दिवशी फळ्यासमोर उभा असताना उलगडला, तेव्हा माझी चूक मला कळली.

मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून तांदूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेराला बारा आणे, पाच शेराला दीड रुपया आणि सव्वा शेराला सहा आणे. कागद नको, पेन्सिल नको. आम्ही ज्याला एककांचे रूपांतर आणि प्रमाण म्हणतो, भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत ज्याला त्रैराशिक म्हटले, तेच हे. फक्त ते एका ओळीत बसवलेले होते आणि ती ओळ दुकानाच्या गादीवर वडिलांकडून मुलाकडे येत होती.

आजोबांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण चौथीच्या आतच त्यांना जे पाठ झाले होते, ते माझ्या एफ.वाय.च्या, म्हणजे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात एकालाही येत नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की ओटीवर मुले ओळीने बसत आणि परवचा सुरू होई. घरातला म्हातारा माणूस मध्येच थांबवून उलटसुलट विचारी: औटकीत सात? साडेचोवीस. पाउणकीत तेरा? पावणेदहा. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून.

ही घोकंपट्टी होती, हे खरेच. पण ती कशासाठी होती हे पाहा. समजा गूळ साडेतीन आणे शेर आहे आणि गिऱ्हाइकाला सव्वादोन शेर हवा आहे. औटकीत दोन म्हणजे सात आणे. उरला पाव शेर. आण्याच्या पै बारा, म्हणून साडेतीन आण्यांच्या पै बेचाळीस, त्यांचा पाव साडेदहा. झाले, सात आणे साडेदहा पै. गिऱ्हाईक पिशवी पुढे करेपर्यंत दुकानदाराचा हिशेब झालेला असे, आणि गिऱ्हाइकाचाही. हे महत्त्वाचे आहे. कारण पाढे दोघांनाही येत असत, म्हणून फसवणे कठीण होते.

आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडात बांधलेली, कडा खाल्लेली. पानावर छापलेल्या रेघा नाहीत. कागद उभा दुमडून त्याला सळ पाडलेले आहेत, आणि ते सळ हेच रकाने. वर मधोमध ‘श्री’, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. सगळा मजकूर मोडी लिपीत. रुपयांच्या पुढे एक उभी रेघ असली की पाव, दोन असल्या की अर्धा, तीन असल्या की पाऊण. ५॥। म्हणजे पावणेसहा रुपये. आडव्या रेघा आण्यांच्या. अपूर्णांक लिहायची ही पद्धत इतकी आटोपशीर आहे की पहिल्यांदा ती वाचता आली त्या दिवशी मी कितीतरी वेळ एकाच पानावर बोट फिरवत बसलो होतो.

त्या वहीत सगळे गाव आहे. भाद्रपदाच्या आधी उधारी वाढते, कारण गणपतीला मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी येणार असतात. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जमेची बाजू भरते, कारण मुंबईहून मनीऑर्डरी येतात. पोस्टाची मनीऑर्डर आपल्या देशात १८८० साली सुरू झाली, आणि कोकणातल्या हजारो घरांची चूल पुढची कैक दशके मुंबईच्या गिरणगावातून आलेल्या त्या पैशावर पेटली. मुलगा गिरणीत, सून आणि सासू इथे, आणि मध्ये आमच्या आजोबांची वही. कोणाकडे किती थकले, कोणाला अजून किती द्यायचे, कोणाचा पैसा उशिरा पण नक्की येणार, हे सगळे तिथे आहे. बँकेच्या भाषेत याला पतमापन म्हणतात. आजोबा त्याला ‘माणूस ओळखणां’ म्हणत.

व्याजाचाही असाच तोंडी हिशेब होता. रुपयाला महिना एक पैसा, हा दर ऐकायला किती हलका वाटतो! पण तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. वर्षाचे बारा पैसे म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. गरिबाला पैसा दिसे, सावकाराला शेकडा दिसे. याच ठिकाणी ज्याला हिशेब येत होता तो वाचला, आणि ज्याला येत नव्हता त्याची जमीन गेली. जमिनीवरही तेच. कुळाने पिकवलेल्या भातात खोताचा वाटा अर्धेलीने (निम्मा) की तिर्धेलीने (एक तृतीयांश), भात खळ्यावर कोणाच्या पायलीने मोजायचे, हे प्रश्न भांडणाचे होते आणि गणिताचेही. खंडी वीस मणांची हे सर्वांना ठाऊक, पण मण किती पायल्यांचा हे गावागणिक बदले, आणि खोताची पायली कुळाच्या पायलीपेक्षा मोठी असल्याच्या तक्रारी कोकणात पिढ्यान् पिढ्या ऐकू आल्या. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. जुन्या गणिताचे मी कौतुक करतो, पण त्या काळाचे नाही. पाढे सर्वांचे होते असे म्हणताना हेही सांगायला हवे की पंतोजींच्या शाळेत मुली नव्हत्या, आणि कित्येक जातींच्या मुलांना ओटीवर बसायची मुभा नव्हती.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून कोष्टक ठरले: एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस. आजोबा सांगत, त्या वर्षी मुलेसुद्धा गोळ्या एकेक करून विकत घेऊ लागली. पाठोपाठ १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, आणि शेर, मण, तोळा दुकानातून गेले. सोनाराकडे मात्र तोळा अजून आहे.

दशमान पद्धत आली ते चांगलेच झाले, यात मला शंका नाही. गावागणिक बदलणाऱ्या पायलीपेक्षा देशभर एकच असलेला किलो गरिबाच्या बाजूचा आहे. पण त्यासोबत औटकी गेली, पावकी गेली, त्याच सुमारास शाळांतून मोडीही गेली, आणि मनातल्या मनात हिशेब करण्याची जी सवय होती तिच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही. पाढे गेले तेव्हा त्यांच्यामागचा विचार तरी शिकवायला हवा होता. तो राहून गेला.

इथे मला मराठीत गणित शिकवू पाहणाऱ्या पोंभुर्ल्याच्या एका माणसाबद्दल सांगायचे आहे. देवगड तालुक्यातले पोंभुर्ले सर्वांना ठाऊक आहे ते बाळशास्त्री जांभेकरांमुळे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढले, म्हणून त्या दिवशी दरवर्षी आपण पत्रकार दिन साजरा करतो. ते योग्यच आहे. पण बाळशास्त्री पेशाने गणिताचे शिक्षक होते, हे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांनाही सांगावे लागते याचे मला फार वाईट वाटते. १८१२ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईला गेला, आणि १८३४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचा पहिला भारतीय असिस्टंट प्रोफेसर झाला. मराठीत गणित शिकवायचे तर पुस्तके हवीत. कॅप्टन जर्विस या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात इंग्रजी अंकगणिताची पुस्तके मराठीत आणायचे काम सुरू केलेच होते. बाळशास्त्री त्याच्या पुढे गेले. त्यांनी डिफरन्शियल कॅलक्युलसवर मराठीत लिहिले आणि त्या विषयाला नाव दिले शून्यलब्धी.

शून्यलब्धी! अंतर शून्याकडे नेत नेत जे हाती लागते ते. एका शब्दात त्या विषयाचा गाभा आला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मुंबई विद्यापीठाने कित्येक वर्षे डेरिव्हेटिव्ह ठेवले होते, सीमान्त खर्च आणि सीमान्त उत्पन्न काढण्यासाठी. मुले त्या धड्याला घाबरत. मी विचारायचो, ट्रॉलरमध्ये बर्फाच्या शंभर लाद्या भरल्या आहेत, आणखी एक भरली तर खर्च कितीने वाढेल आणि तिच्यामुळे मासळी कितीने वाचेल? वर्ग बोलू लागे. मग मी सांगे, तुम्ही आता जे केलेत त्याला आपल्या पोंभुर्ल्याच्या माणसाने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मराठी नाव दिलेले आहे. माना वर व्हायच्या.

बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, पस्तिशीही गाठली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत एक होते दादाभाई नौरोजी. दादाभाई पुढे १८५० च्या दशकात त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्रोफेसर झाले. हिंदुस्थानातल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न सरासरी वीस रुपये, हा आकडा त्यांनी १८७६ साली मांडला. तो आकडा इतिहासाच्या पुस्तकात असतो. तो काढताना त्यांनी सरकारी अहवालातली कोणती चूक पकडली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांचे एकरी उत्पन्न घेत, त्यांची बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. लहान जिल्हा आणि मोठा जिल्हा यांचे वजन सारखेच. दादाभाईंनी दाखवले की ही सरासरीच खोटी आहे.

वर्गात मी हे मासळीवर सांगत असे. तीन टोपल्या बांगडा नऊशेच्या भावाने गेला आणि एक टोपली सुरमई पंधराशेने. सरासरी भाव किती? नऊशे आणि पंधराशे मिळवून दोनाने भागणाऱ्याला बाराशे मिळतात. पण हातात आलेले पैसे बेचाळीसशे आणि टोपल्या चार, म्हणजे खरी सरासरी एक हजार पन्नास. भारित माध्य हा बी.कॉम.च्या पुस्तकातला अर्ध्या पानाचा मुद्दा आहे. दादाभाईंनी त्याच्या जोरावर साम्राज्याच्या हिशेबाला हात घातला. व्यवहारी गणित हलक्या प्रतीचे असते असे ज्यांना वाटते, त्यांना मी हे उदाहरण देतो.

कॉमर्स हा कॉलेजात शिकायचा विषय झाला तो मुंबईत १९१३ साली, सिडनहॅम कॉलेज निघाले तेव्हा. आशियातले पहिले कॉमर्स कॉलेज अशी त्याची ओळख आहे. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. पण मालवणच्या मुलाला कॉमर्स शिकायचे तर बोटीने मुंबई गाठायची, आणि मुंबई गाठल्यावर बहुतेकांना आधी नोकरी गाठावी लागे. रत्नागिरीत कॉलेज आले १९४५ साली, सावंतवाडीत १९६१ साली. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, तोवर मालवण, कणकवली, कुडाळकडची मुले आपल्याच भागात शिकू लागली होती. माझी नोकरी त्यानंतरची.

आणि पहिल्याच वर्षी माझ्यासमोर एक मुलगी उभी राहिली. मालवणच्या दांडीकडची, किनाऱ्यावरून रापण म्हणजे मोठे जाळे ओढणाऱ्या रापणकाराची लेक. “सर, माका गणित जमणा नाय, म्हणान एसपी घेतलंय.” महाराष्ट्रात अकरावी कॉमर्सला गणित नको असेल तर चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, घेता येते. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुले तीच वाट धरत. दोन वर्षे गणिताला हात नाही, आणि एफ.वाय.ला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स नावाचा पेपर समोर. शेअर, म्युच्युअल फंड, क्रमचय, संभाव्यता, अॅन्युइटी, सहसंबंध. पुस्तक बहुधा इंग्रजी. मूल पहिल्या आठवड्यातच हाय खाई.

मी तिला विचारले, रापण ओढून झाल्यावर वाटे कोण घालते? म्हणाली, बाबा घालतात, पण आकडे मी सांगते. मग तिनेच मला शिकवले. प्रत्येक रापणीचे नियम वेगळे, पण रीत साधारण अशी: ओढणाऱ्या माणसाला एक वाटो, पोराला अर्धो वाटो, होडीचे वाटे वेगळे, ज्यांची जाळी त्यांचे वेगळे. समजा अठरा हजार चारशेची मासळी गेली. माणसे तीस, पोरे बारा, होडीचे चार, जाळ्यांचे सहा. तीस अधिक सहा अधिक चार अधिक सहा, शेचाळीस वाटे. वाट्याला चारशे. पोराला दोनशे, होडीला सोळाशे. भागीदारी आणि प्रमाणशीर विभागणी हे दोन धडे तिने किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, लोक भोवती उभे असताना कितीदा तरी केले होते. चूक झाली असती तर तिथल्या तिथे बोंब झाली असती. आणि ही मुलगी मला सांगत होती की तिला गणित जमत नाही.

त्या दिवसापासून मी पेपरचा क्रम उलटा केला. आधी मुलांच्या घरचा हिशेब, मग त्याचे पुस्तकातले नाव, आणि सूत्र सगळ्यात शेवटी. देवगडच्या मुलांना वाशीच्या बाजारातून दलालाने पाठवलेली आंब्याची पट्टी आणायला सांगायचो. तिच्यात विक्री, भाडे, हमाली, कमिशन सगळे असते. शेकडेवारी शिकवायला त्याहून चांगला कागद मला मिळाला नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी कर्जाच्या हप्त्यांना देत असे. त्याला घरचे कारण आहे. माझ्या भावाने होडीच्या इंजिनासाठी एका संस्थेकडून लाखभर रुपये घेतले. “बारा टक्के, वर्षात फेडा.” लाखाचे व्याज बारा हजार, एकूण एक लाख बारा हजार, बाराने भागून हप्ता नऊ हजार तीनशे तेहतीस. त्याला हिशेब बरोबर वाटला, आणि त्या क्षणी मलाही वाटला. रात्री झोप येईना तेव्हा कागद घेऊन बसलो. पहिला हप्ता भरला की मुद्दल कमी होते, सहाव्या हप्त्यानंतर तर निम्मेच उरते. पण व्याज मात्र वर्षभर पूर्ण लाखावर घेतलेले. अॅन्युइटीच्या, म्हणजे समान हप्त्यांच्या, सूत्राने खरा दर काढला. तो साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ आला. रुपयाला महिना पैसा या जुन्या सावकारी दराहून जास्त! मी पदवीधरांना हे सूत्र शिकवत होतो, आणि माझ्याच भावाने सही केली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. ते मी विसरलेलो नाही. पुढे माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या एकाही मुलाने फ्लॅट रेट आणि घटत्या शिलकीवरचा दर यातला फरक न समजता कागदावर सही करू नये, एवढे मी धरून बसलो.

ती दांडीकडची मुलगी पास झाली. आज ती मासळीच्या व्यवहारात आहे, आणि तिच्या वह्या ती स्वतः लिहिते.

निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकायला सुरुवात केली, ती आजोबांच्या वहीसाठी. त्या वहीतून एका दुकानाचा पाच-सहा वर्षांचा भाव मला सलग मिळाला. तांदूळ, मीठ, घासलेट, खोबरेल. निर्देशांक शिकवायला मी आयुष्यभर पुस्तकातले तयार आकडे वापरले, आणि इतका वेळ खरे आकडे घरच्या माळ्यावर पडून होते. अशा वह्या मालवणात, आचऱ्यात, वेंगुर्ल्यात, देवगडात अजून असणार. वाचता येत नाहीत म्हणून त्या पाणी तापवायच्या चुलीत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तुमच्या घरी लाल कापडातली जुनी वही असेल तर ती जाळू नका. कोणाला द्यायची नसेल तर देऊही नका, पण प्रत्येक पानाचा फोटो काढा, पहिल्या पानावर ‘श्री’च्या खाली शक किंवा साल असते त्याचा नीट काढा, आणि जवळच्या कॉलेजातल्या कॉमर्सच्या शिक्षकाला दाखवा. मोडी वाचणारा मी शोधून देईन.